शस्त्रक्रियेनंतरचा पक्षाघात

खुब्याचा सांधा बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी अस्थिरोग विभागातून मला बोलावणे आले, तेव्हा निरोप ‘आजी जरा गुंगीत आहेत’ एवढाच होता. शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डात असा निरोप रोजचाच असतो आणि धोकाही तिथेच असतो, कारण भुलीचा उरलेला अंमल आणि वेदनाशामकांची सुस्ती यांच्या आड पक्षाघात सहज दडून राहतो. पाणी पाजताना ते ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळते आहे, हे सिस्टरांच्या नजरेतून सुटले नाही, म्हणून तरी मला वेळेत कळले.

आजींची नजर उजवीकडेच खिळली होती. दोन्ही हात वर करायला सांगितल्यावर उजवा उठला, डावा चादरीवरच राहिला. त्याबद्दल विचारताच त्या वैतागून म्हणाल्या, “वरच तर आहे!” मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की पुष्कळदा रुग्णाला स्वतःचा लुळेपणा उमगतच नाही; मग तक्रार करणार कोण?

त्या शेवटच्या धडधाकट कधी दिसल्या, याचे उत्तर फिजिओथेरपीच्या नोंदीत मिळाले: सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी त्यांनी दोन्ही हातांनी वॉकर धरला होता. म्हणजे जेमतेम दीड तास झाला होता. एरवी साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज देता येते. परंतु मोठी शस्त्रक्रिया होऊन १४ दिवस उलटले नसतील तर ते सहसा टाळतात, आणि खुब्याच्या आत खोलवर सुरू झालेला रक्तस्राव बाहेरून दाबून थांबत नाही. सीटीत मेंदूत रक्तस्राव नव्हता, मात्र अँजिओग्राफीत मेंदूची उजवीकडची मधली रोहिणी मुळाशीच बंद दिसली. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी शस्त्रक्रियेपूर्वी थांबवलेली होती. ती थांबवणे भागच होते. त्यात कोणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही.

गुठळी ओढून काढण्याचा मार्ग मात्र मोकळा होता. शस्त्रक्रिया उजव्या खुब्याची असल्याने नळी डाव्या जांघेतून घातली. पहिल्या खेपेला नळीतून सरकवलेली, गुठळी पकडणारी जाळी रिकामीच आली, दुसऱ्या खेपेला तिच्यात अडकलेली गर्द लाल गुठळी बाहेर आली आणि पडद्यावर रोहिणीच्या फांद्या भरू लागल्या. संध्याकाळपर्यंत डावा हात गादीवरून उचलला जात होता, बोटांची पकड मात्र अजून ढिली होती.

गोळी पुन्हा केव्हा सुरू करावी, यावर आमचे एकमत व्हायला वेळ लागला. मला घाई होती, अस्थिशल्यविशारदांना जखमेची चिंता होती. दुसऱ्या दिवशीच्या सीटीत मेंदूतील इजा लहान दिसली, तरी जखम पूर्ण कोरडी होईपर्यंत आणखी काही दिवस थांबायचे ठरले.