काळा बोळ परत आला तो दिवस

रविवार पेठेत आमचं काष्ठौषधीचं दुकान. गिऱ्हाइकाची यादी बघितली की घरातलं दुखणं कळतं. बाळंतशोपा, डिंक, हिराबोळ असेल तर बाळंतीण आहे. जटामांसी, माका, ब्राह्मी असेल तर कुणाचे तरी केस गळतायत.

त्या सकाळी एका पोरानं आणलेल्या यादीवरून मात्र काहीच उमगेना. मेंदी, जटामांसी, केशर, वेखंड, दालचिनी, ऊद, गंधरस, अ‍ॅलो. गंधरस म्हणजे हिराबोळ, हे ठाऊक होतं. अ‍ॅलो म्हणजे कोरफड. तिचा चीक आटवून केलेला काळा बोळ ५० ग्रॅम बांधून दिला आणि विसरलो.

दुपारी तीच पुडी घेऊन एक बाई आल्या. ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या सेमिनरीत हिब्रू आणि जुना करार शिकवतात. "दादा, हे मी वर्गात फिरवलं. प्रियेचा सुगंध म्हणून! पोरांनी नाकं दाबली."

मग त्यांनी पिशवीतलं बायबल काढून काट्याशेजारी उघडलं. त्यातलं प्रेमकाव्य गीतरत्न, चौथा अध्याय. प्रियकर प्रियेला कुलूपबंद बाग म्हणतो आणि त्या बागेत काय काय आहे ते सांगतो. पोराची यादी तिथलीच होती. शेवटचा जिन्नस हिब्रूत 'आहालोत'. इंग्रजीत त्याचं अ‍ॅलोज झालं, पण कोरफडीचा काही संबंध नाही. तो अगरू, सुगंधी लाकूड, शब्दही बहुधा आपल्याकडूनच तिकडे गेलेला. मी निमूट पैसे परत केले. उदाचंही तसंच. मी दिलेला ऊद सुमात्राकडचा, त्यांना हवा होता अरबस्तानातला, आपल्या साळईच्या झाडाच्या भाऊबंदाचा. मेंदीची तर मी पूडच दिली होती. कवितेत फुलांचे घोस आहेत, मृत समुद्राकाठच्या एन-गेदीच्या मळ्यातले.

पण मला राहवेना. म्हटलं, "बाई, ही बाग लावणारा माणूस काही बागवान नव्हता. जटामांसी हिमालयात ३००० मीटरच्या वर येते. दालचिनीला दमट हवा लागते. हिराबोळाचं झुडूप सोमालिया-अरबस्तानच्या कोरड्या खडकात. आणि अगरूचं झाड आसामकडचं. एका कुंपणात हे जगायचं कसं?"

त्या इतक्या मोकळ्या हसल्या की शेजारचा रद्दीवाला डोकावला. "हेच मला वर्गात सांगायचंय. यातलं बरंचसं त्या देशात उगवत नव्हतंच. उंटांवरून, गलबतांतून यायचं, महाग पडायचं. ती बाग कुठंच नव्हती. ती म्हणजे ती मुलगी." मग बरण्यांच्या फळीकडे बघत म्हणाल्या, "इथं मात्र आहे हो."

हिराबोळाचा एक खडा मी त्यांच्या हातावर ठेवला. तांबूस, वरून पिठूळ, बोटांत धरला की ऊब लागून किंचित चिकटतो. हिब्रूत त्याला 'मोर' म्हणतात. पिसारावाला नव्हे, 'कडू' या अर्थाच्या धातूवरून आलेला. पाचव्या अध्यायात प्रियकर रात्री दार ठोठावतो, ती उठते, आणि तिच्या बोटांवरून हा रस कडीवर ठिबकतो. दार उघडते तर तो निघून गेलेला. वीस वर्षं मी हा जिन्नस बाळंतिणीचा म्हणून विकतोय, याच्या आधी दुसरं काही मनात आलं नव्हतं.

अगरूचे तुकडे माझ्याकडे जेमतेम होते, तेवढे दिले. त्याचे पैसे घेतले नाहीत. काळ्या बोळाचा दंड समजा.

रात्री शटर ओढून कुलूप लावताना बोटं कडीला चिकटली. थोडा वेळ तसाच उभा राहिलो, कुणी बघत नाही ना हे बघून हात हुंगला.

घरी ताट वाढता वाढता बायको म्हणाली, "आज कुणाच्या बाळंतिणीचं सामान बांधलंत?"