अंगठ्यापलीकडचा रॉजर ईबर्ट

अमेरिकन चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट म्हटलं की बहुतेकांना 'चित्रपट आवडला' म्हणून वर केलेला अंगठा आठवतो. जीन सिस्केल या दुसऱ्या समीक्षकाबरोबरच्या टीव्ही कार्यक्रमानं तो घरोघरी पोचवला. मूळचा इलिनॉयमधल्या अर्बानाचा हा माणूस १९६७ पासून २०१३ साली जाईपर्यंत 'शिकागो सन-टाइम्स'मध्ये चित्रपटांवर लिहीत होता. १९७५ साली त्याला पुलित्झर हे पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक मिळालं. चित्रपट समीक्षेसाठी ते मिळवणारा तो पहिलाच. तरी त्याची सगळ्यात कामाची देणगी मला वेगळीच वाटते: चित्रपट मध्येमध्ये थांबवत, एकेक शॉट पाहायची पद्धत.

फुटबॉलचे प्रशिक्षक सामन्याची १६ एमएम फिल्म जागोजागी थांबवून खेळाडूंच्या चुका दाखवायचे. तेच चित्रपटाचं करावं, ही सूचना त्याला शिकागोतल्याच जॉन वेस्ट या समीक्षकाकडून मिळाली. पुढे कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डरमधल्या परिषदेत तो वर्षानुवर्षं हे करत राहिला. सभागृह भरलेलं, दिवे बंद, आणि नियम एकच: कुणालाही काही दिसलं की त्यानं 'थांबा' म्हणायचं. ईबर्ट चित्रपट थांबवायचा आणि चर्चा सुरू व्हायची. प्रेक्षकांत कुणी डॉक्टर, कुणी वास्तुविशारद, त्यामुळे समीक्षकाच्या नजरेतून सुटलेलं हमखास कुणाला तरी सापडायचं. मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं. टीव्हीवर निकाल सांगणारा माणूस इथे हजारभर लोकांसोबत बसून पाहत होता.

फिल्म क्लबात हे करायचं तर आधी अख्खा चित्रपट न थांबता दाखवा. ही पायरी गाळली की पहिल्यांदा पाहणारे कथेतच अडकतात आणि थांबवणाऱ्यावर वैतागतात. मग पुढचे तीन-चार दिवस, रोज दोन तास. दोन तासांच्या चित्रपटाला आठेक तास सहज लागतात. चित्रपट डिस्कवर किंवा फाइल म्हणून हाताशी हवा. ऑनलाइन सेवांवर थांबवलं की बऱ्याचदा चित्र काळवंडतं, वर बटणं येतात, आणि नेमकं पाहायचं तेच झाकलं जातं. संगणकावरच्या व्हीएलसी प्लेयरमध्ये 'ई' (e) ही कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जाता येतं. पडद्याच्या रुंदी-उंचीचं प्रमाणही आधी तपासा. ऑर्सन वेल्सच्या १९४१ सालच्या 'सिटिझन केन'सारखी जवळपास चौकोनी फ्रेम रुंद टीव्हीवर ताणली किंवा वरखाली कापली, तर रचनेवरची सगळी चर्चा फुकट जाते.

काय पाहायचं याचे काही ठोकताळे ईबर्ट सांगायचा. फ्रेमची उजवी बाजू डावीपेक्षा अनुकूल भासते. मध्यापासून किंचित उजवीकडची जागा सगळ्यात भक्कम. पुढचं मागच्यापेक्षा आणि वरचं खालच्यापेक्षा जड. हे नियम नव्हेत, कल आहेत, असंही तो बजावायचा. हे विसरून गट त्यांवरून गुण मोजत बसला की गाडी अडते. दिग्दर्शक जिथे हा कल मोडतो, तिथे मुद्दाम थांबा.

'केन'मधला एक प्रसंग यासाठी उत्तम आहे. मंदीत वृत्तपत्रसम्राट केनला आपल्या वृत्तपत्रांवरचा ताबा सोडावा लागतो. त्याचा व्यवस्थापक बर्नस्टीन पुढ्यात कागद वाचतोय, बँकर थॅचर बसलाय, आणि मागच्या भिंतीत नेहमीच्या आकाराच्या वाटाव्यात अशा खिडक्या दिसतात. केन बोलत बोलत त्यांच्याकडे चालत जातो, आणि खिडकीची खालची कड त्याच्या डोक्याच्याही वर आहे हे कळतं. एवढा मोठा माणूस पोरासारखा बुटका दिसतो. यात ट्रिक फोटोग्राफी नाही. खिडकीचा आकार ताडायला तिच्याजवळ कुणीच नव्हतं आणि छायाचित्रकार ग्रेग टोलंडनं जवळचं-लांबचं सारंच स्पष्ट टिपलेलं, म्हणून डोळ्यांना अंतराचा अंदाज येत नाही. इथे तीनदा थांबा: तो निघण्यापूर्वी, खिडकीपाशी पोचल्यावर, आणि परत पुढे आल्यावर. प्रत्येक वेळी आधी फक्त विचारा, खिडकी केवढी आहे? कारण मात्र तिसऱ्या थांब्यापर्यंत कुणाला सांगू नका.