आमची वाटचाल: शेतीपंपांपासून बचाव बोटींच्या इंजिनांपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी ऑईल इंजिन आणि शेतीपंप दुरुस्तीचा छोटा कारखाना सुरू केला, तेव्हा आमचे बहुतेक ग्राहक नदीकाठचे ऊस बागायतदार होते. पंचगंगेचे पाणी चढू लागले की काठावरच्या मोटारी वर काढण्याची धांदल उडत असे आणि पूर ओसरला की गाळाने भरलेल्या मोटारी दुरुस्तीला येत. पुराशी आमच्या व्यवसायाचा संबंध ऑगस्ट २०१९ पर्यंत एवढाच होता.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ पुणे–बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेल्यामुळे कोल्हापूरचा बाहेरशी संपर्क जवळजवळ तुटला. बचावकार्यातल्या काही बोटींची इंजिने बंद पडली आणि दुरुस्तीसाठी आमच्याकडे आणली गेली. पुण्या-मुंबईहून सुटे भाग येण्याचा रस्ताच उरला नव्हता. बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याची तुटलेली पिन आमच्या कारागिरांनी लेथवर तयार केली, कार्बोरेटर खोलून साफ केले आणि इंजिने पुन्हा पाण्यावर गेली. संकटाच्या वेळी दुरुस्तीची सोय गावातच असली पाहिजे, हे आम्हाला तेव्हा पुरते पटले आणि पुढची सारी वाटचाल त्या जाणिवेतून झाली.

पूर ओसरल्यावर आम्ही जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे प्रस्ताव दिला, की बोटींची आणि इंजिनांची तपासणी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व्हावी. बोटीचे इंजिन वापरामुळे जितके बिघडते, त्याहून अधिक ते नुसते पडून राहिल्याने बिघडते. टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो, आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतला ओलावा शोषून घेत असल्याने गंजही लवकर चढतो. थंडाव्यासाठी पाणी खेचणाऱ्या पंपाचे रबरी पाते वर्षभरात कडक होऊन चिरते. मग इंजिन सुरू होते खरे, पण थोड्याच वेळात तापून बंद पडते, आणि तेही भर प्रवाहात. पुराच्या पाण्यात उसाचे पाचट व कुंपणाच्या तारा पंख्यात अडकतात, ते वेगळेच. म्हणूनच इंजिन कोरडे चालवून पाहण्यावर आम्ही कधीच समाधान मानत नाही. ते पाण्याच्या हौदात लावून पूर्ण वेळ चालवतो आणि मागच्या छिद्रातून पाण्याची धार नीट पडते की नाही, हे पाहूनच तपासणीच्या कागदावर सही करतो.

सरकारी कामाची पद्धत शिकायला वेळ लागला. दरपत्रक, कार्यादेश, अनामत, देयक हा प्रवास छोट्या कारखान्याला जड जातो. एका कार्यालयाकडचे आमचे देयक इतके रखडले की कारागिरांचा पगार हातउसने घेऊन करावा लागला. तरीही आम्ही मागे हटलो नाही. नवी बोट घेण्यासाठी निधी मंजूर होतो, देखभालीची तरतूद मात्र दरवेळी नव्याने मागावी लागते, ही खंत आहे आणि ती आम्ही प्रत्येक बैठकीत मांडतो.

जुलै २०२१ मध्ये पाणी ५६ फुटांपर्यंत चढले. त्या पुरात आम्ही तपासलेली इंजिने चालली, याचे समाधान कोणत्याही नफ्याहून मोठे आहे.

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. त्या घटनेची आठवण ठेवून, आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक बोटीच्या दोन्ही बाजूंवर किती माणसे बसवायची तो आकडा आम्ही ठळक मराठीत रंगवतो, मग कामाच्या यादीत ते लिहिलेले असो वा नसो. गावांतल्या आपदा मित्रांनाही, म्हणजे आपत्तीत मदतीला धावणाऱ्या प्रशिक्षित स्वयंसेवकांनाही, आम्ही प्लग बदलणे, पंख्यातले पाचट काढणे आणि वापरानंतर इंजिन स्वच्छ पाण्याने धुणे शिकवतो.

सध्या आमचे लक्ष शिरोळ तालुक्यावर आहे. कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही फुगल्या की नृसिंहवाडी, कुरुंदवाड परिसरात कोल्हापूरहून कारागीर पोहोचणेच कठीण होते. त्यामुळे पिना, प्लग, रबरी पाती आणि बोटींना ठिगळ लावण्याचे साहित्य मे अखेरीस त्या भागातच ठेवावे, आणि ते वापरू शकणारा स्थानिक कारागीर आधीच नेमावा, असा प्रस्ताव आम्ही या वर्षी दिला आहे. त्या कारागिराला आमच्याकडे विनामूल्य प्रशिक्षण देण्याची तयारीही त्यात लेखी नोंदवली आहे.