यादीवरची खूण आणि विचारलेला प्रश्न

बेळगावात ओटीमध्ये, म्हणजे शस्त्रक्रियागृहात, परिचारिका म्हणून काम करताना शस्त्रक्रियेच्या सुरक्षा यादीचा कागद मी असंख्य वेळा भरला, पण त्यांपैकी किती वेळा तो खरोखर विचारून भरला आणि किती वेळा नुसत्या खुणा केल्या, हा प्रश्न निवृत्तीनंतरही मनातून जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ही १९ मुद्द्यांची यादी जाहीर केली. उपक्रमाचे नेतृत्व शल्यविशारद अतुल गावंडे यांच्याकडे होते, ज्यांच्या वडिलांचे गाव यवतमाळ जिल्ह्यातले. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला ओटीबाहेर नेण्यापूर्वी सर्वांनी थांबून मोठ्याने खात्री करावी, एवढीच तिची अपेक्षा आहे. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत चाचणी झाली आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर, तर गुंतागुंतीचे ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले.

मात्र २०१४ मध्ये कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या १०१ रुग्णालयांच्या अभ्यासात मृत्यूंचे प्रमाण ०.७१ वरून ०.६५ टक्क्यांवर आले, म्हणजे दखल घ्यावी असा फरक पडलाच नाही. उलट पुढच्याच वर्षी नॉर्वेतील अभ्यासात गुंतागुंत १९.९ वरून ११.५ टक्क्यांवर आल्याचे दिसले. कागद तोच असताना निकाल इतके वेगळे का, याची विद्वानांची उत्तरे अनेक आहेत. माझे उत्तर मला ओटीच्या दारातच मिळाले.

खानापूरकडचे एक मराठी आजोबा हर्नियासाठी आले होते. नवख्या सिस्टरने कन्नडमध्ये नाव घेऊन 'तुम्हीच ना, डावी बाजू ना' असे विचारले आणि आजोबांनी प्रत्येक प्रश्नाला 'हं, हं' म्हटले. सगळ्या खुणा झाल्या होत्या. मी सहज म्हटले, "आजोबा, पूर्ण नाव सांगा, आणि दुखतं तिथे हात ठेवा." हात उजव्या बाजूला गेला. डॉक्टरांनी पुन्हा तपासले तेव्हा केसपेपरवरची 'डावी' ही नोंदच चुकीची निघाली.

दोष कन्नडचा नव्हता. अथणीकडच्या कानडी आजींना घाईत मराठीत विचारून त्यांची मान हलली की खूण करण्याचे पाप मीही केलेले आहे. 'हो' मिळवणारा प्रश्न सोपा असतो, म्हणून रुग्णाला स्वतः सांगू द्यावे लागते, आणि तेही त्याच्या भाषेत. शेवटी गॉज, म्हणजे रक्त टिपायचे कापडी तुकडे, मोजतानाही हेच: दोघींनी मोठ्याने मोजले तरच ती मोजणी, एरवी कागदावरचा आकडा.

त्या दिवसानंतर माझ्या ओटीतल्या यादीच्या पाठीमागे मी पेनने कन्नड शब्द लिहून ठेवले होते: डावी म्हणजे एड, उजवी म्हणजे बल.