वर्षाचं दान १४६

शनिवारी सकाळी सहा पन्नासला धाकट्या काकांनी घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या वॉशिंग्टन बुलेट्सच्या जर्सीतले दोन खेळाडू शेजारीशेजारी उभे. एक मनूट बोल, ७ फूट ७ इंच. दुसरा मग्सी बोग्स, ५ फूट ३ इंच. खाली दोन गुलाब आणि ओळ : ‘उंची शरीराची नसते, विचारांची असते.’ सात वाजेपर्यंत आठ जणांनी हात जोडले. ताईने लिहिलं, ‘बारकीला दाखवते.’

बारकी म्हणजे माझी भाची. वय बारा, उंची साडेचार फूट, तीही बूट घालून. दोन वर्षं बास्केटबॉल खेळतेय आणि गेल्या महिन्यात तिला संघाच्या बाकावर बसवलंय. का, ते कोणी सांगितलं नाही, पण तिच्या जागी आलेली मुलगी तिच्याहून वीतभर उंच आहे. तेव्हा ताईला तो फोटो देवाने धाडल्यासारखा वाटला असणार. मी उत्तर टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. काकांचं वय ७४ आहे. त्यांच्याशी ग्रुपवर भांडण्यापेक्षा इथे लिहिलेलं बरं.

माझं म्हणणं एवढंच आहे की बोग्सच्या आयुष्यात उंचीला फार महत्त्व होतं. रोज, प्रत्येक मिनिटाला. समोरचा गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारा खेळाडू, त्याच्या डोक्यावरून निवांत शॉट मारू शकायचा. विचारांच्या उंचीने तो शॉट अडत नाही.

या माणसावर माझं प्रेम १९९३ पासूनचं. तेव्हा मी दहावीत होते, म्हणून बाबांनी घरी केबल घेतली नव्हती. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात समोरच्या काकूंकडे होती. अमेरिकेतल्या रात्रीच्या मॅचेस आपल्याकडे सकाळी लागायच्या आणि काकूंचे देव नेमके टीव्हीच्याच खोलीत. काकू पूजेला बसल्या की आवाज बंद करायचा, ही अट. म्हणजे मी बोग्स पहिल्यांदा पाहिला तो मुका, मागे काकूंची घंटा आणि उदबत्तीचा धूर. समालोचक काय म्हणत होते कोण जाणे. कदाचित तेही सारखं उंचीबद्दलच बोलत असतील. मला ते ऐकू आलं नाही, हे बरंच झालं.

मला जे दिसलं ते असं. त्याच्या तेव्हाच्या संघाची, शार्लट हॉर्नेट्सची, निळसर-हिरवी जर्सी, नंबर १. बॉल गुडघ्याच्याही खाली. उंच माणूस ड्रिबल करतो तेव्हा बॉलला जमिनीवरून त्याच्या तळहातापर्यंत बरंच अंतर कापावं लागतं. त्या अंतरात दुसऱ्याचा हात शिरतो. बोग्सच्या बाबतीत ते अंतरच नव्हतं. बॉल काढून घ्यायचा तर सहा-सव्वासहा फुटी गड्याला कमरेत वाकावं लागायचं. तो वाकून हात घालेपर्यंत हा बाजूने निघून गेलेला.

उलटी बाजू त्याहून मजेची. समोरचा गार्ड बॉल घेऊन येतोय आणि बोग्स त्याला अर्ध्या कोर्टाच्याही पलीकडे जाऊन चिकटलाय. त्या गार्डला बॉल लपवायला पाठ फिरवावी लागते, आडवं आडवं चालावं लागतं. शॉट मारायला सगळे मिळून २४ सेकंद. त्यातले सात-आठ इथेच गेले, की पुढची आखलेली चाल घाईघाईत उरकावी लागते. हे स्कोअरबोर्डवर कुठे दिसत नाही. बोग्सचे १३६९ स्टील, म्हणजे समोरच्याकडून हिसकावलेले बॉल, दिसतात, पण वाया घालवलेल्या सेकंदांचा रकाना कोणी ठेवत नाही.

आता टर्नओव्हर. म्हणजे आपल्या हातचा बॉल आपल्याच चुकीने समोरच्यांना जाणं. शाळेतले आमचे बास्केटबॉलचे सर त्याला ‘दान’ म्हणायचे. मॅच संपली की चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, “आज किती दान केलंत, बाईसाहेब?” पॉइंट्स किती झाले ते कधीच विचारलं नाही. दानाची त्यांची एक लाल वही होती आणि शाळेच्या एका स्पर्धेत माझ्या नावापुढे नऊ रेघा होत्या. नऊ! मी पाठीमागून पास द्यायला गेले होते, काकूंच्या टीव्हीवर पाहून. सरांनी शांतपणे सांगितलं, “यापेक्षा एखादी संस्था काढ. कर तरी वाचेल.”

म्हणून मला बोग्सचा १९८९-९० चा हंगाम तोंडपाठ आहे. ८१ मॅचेस. मॅचला साधारण ३४ मिनिटं मैदानावर आणि त्यातला बहुतेक वेळ बॉल याच्याच हातात. असिस्ट ८६७. म्हणजे याने पास दिला आणि दुसऱ्याने बास्केट केली, असं ८६७ वेळा. आणि दान? अख्ख्या हंगामात १४६. मॅचला दोनसुद्धा नाही. एकदा बॉल घालवायचा आणि त्याबदल्यात जवळजवळ सहा वेळा कोणाला तरी बास्केट करून द्यायची, हा हिशेब. मी अकाउंट्सच्या माणसांमध्ये आयुष्य काढलंय. इतकी स्वच्छ खतावणी मी क्वचित पाहिली आहे.

हॉर्नेट्सकडे तो आला तोही कोणी हौसेने आणला म्हणून नव्हे. १९८७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, बुलेट्सनी त्याला बाराव्या क्रमांकावर घेतलं. त्याच्या आधीच्या क्रमांकावर रेजी मिलर होता, हे जाता जाता. एक हंगाम झाला आणि १९८८ मध्ये शार्लट आणि मायामी हे दोन संघ नव्याने लीगमध्ये आले. अशा वेळी जुने संघ आपले ठरावीक खेळाडू राखून ठेवतात आणि बाकीच्यांतून नव्यांनी निवडायचं असतं. बुलेट्सनी बोग्सला राखलं नाही. म्हणजे काकांच्या फोटोतल्या जर्सीवाल्यांनीच त्याला वर्षभरात सोडून दिलं. (बोलची गोष्ट वेगळीच. पहिल्याच हंगामात ३९७ ब्लॉक, आणि कारकीर्दीत केलेल्या पॉइंट्सपेक्षा अडवलेले शॉट जास्त. त्याच्यावर कधीतरी निराळं लिहीन.) शार्लटमध्ये मात्र बोग्स १९९७ पर्यंत राहिला. जवळजवळ चोवीस हजार माणसांचं स्टेडियम तिथे वर्षानुवर्षं भरत होतं.

तो बॉल्टिमोरचा. गरिबांच्या सरकारी वसाहतीत वाढलेला. पाच वर्षांचा असताना रस्त्यावरच्या गोळीबारात त्याच्या हातापायांत छर्रे घुसले होते. डनबार हायस्कूलचा त्याचा संघ लागोपाठ दोन हंगाम एकही मॅच हरला नाही. त्या एका शाळेच्या संघातून चौघं एनबीएत गेले आणि त्यातले तिघं १९८७ च्या एकाच ड्राफ्टमध्ये, पहिल्याच फेरीत : रेजी विल्यम्स, बोग्स आणि रेजी लुईस. गंमत म्हणजे लुईस तेव्हा शाळेच्या पहिल्या पाचांतही नव्हता. बाकावरून यायचा.

लुईसबद्दल सांगायलाच हवं. तो पुढे बॉस्टन सेल्टिक्सचा कर्णधार झाला. १९९३ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, जिथे एका फेरीत त्याच दोन संघांच्या अनेक मॅचेस होतात, पहिल्या फेरीत सेल्टिक्ससमोर हॉर्नेट्स आले. शाळेतले दोन मित्र समोरासमोर. पहिल्याच मॅचमध्ये, २९ एप्रिलला, लुईस पळता पळता मैदानावर कोसळला. त्यानंतर तो एकही मॅच खेळला नाही. सेल्टिक्सनी ती मॅच जिंकली, पुढच्या तिन्ही हॉर्नेट्सनी. चौथीत अगदी शेवटच्या क्षणी हॉर्नेट्सच्या अलोन्झो मोर्निंगचा शॉट पडला आणि हॉर्नेट्सनी पहिल्यांदा प्लेऑफची फेरी जिंकली. तो शॉट मी काकूंकडे पाहिला होता. सगळे मोर्निंगच्या अंगावर ढीग करून पडलेले आठवतात. मी सोफ्यावर उड्या मारल्या, काकूंनी पळीने दटावलं. २७ जुलैला लुईस गेला. हृदयाने दगा दिला. सत्तावीस वर्षांचा होता. हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. कितीतरी वर्षांनी वाचलं. आता तो शॉट पुन्हा पाहताना मी मोर्निंगकडे बघत नाही.

त्याच एप्रिलमध्ये, पंधरा दिवस आधी, बोग्सने न्यूयॉर्क निक्सच्या सात फुटी पॅट्रिक युइंगचा शॉट अडवला होता. हाही प्रसंग ग्रुपवर फॉरवर्ड करणाऱ्यांचा लाडका. चौदा हंगामांत मिळून त्याचे ब्लॉक ३९, त्यातला एक हा. तो उडी मारून युइंगच्या वर वगैरे गेला नव्हता. बॉल खालून वर जाताना कधीतरी बोग्सच्या उंचीला असतोच, तेवढा क्षण त्याने पकडला. मला त्या ब्लॉकपेक्षा १४६ हाच आकडा मोठा वाटतो. ब्लॉक एकदा नशिबानेही होतो.

नंतरचं भराभर सांगते, कारण पाहायलाही ते भराभर संपलं. १९९५ मध्ये गुडघ्याचं ऑपरेशन. पुढच्या हंगामात फक्त सहा मॅचेस. मग गोल्डन स्टेट वॉरियर्स, मग टोरोंटो रॅप्टर्स, आणि २००१ मध्ये संपलं. एकूण ८८९ मॅचेस, ६८५८ पॉइंट्स, ६७२६ असिस्ट. हे शेवटचे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून बघा. स्वतःसाठी घेतलं आणि दुसऱ्याला दिलं, जवळपास सारखंच. पुढे शार्लटच्याच बायकांच्या संघाचा, स्टिंगचा, तो प्रशिक्षक झाला. २००७ च्या सुरुवातीला तो संघच बंद पडला.

माझंही वेगळं काही झालं नाही, फक्त आकडे लहान. कॉलेजच्या संघात होते. पहाटे साडेपाचला लूनावरून लकडी पूल ओलांडून डेक्कनला जायचं, थंडीत बॉल दगडासारखा लागायचा. तिसऱ्या वर्षी एका निवड चाचणीत टेबलामागच्या बाईंनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही. त्या म्हणाल्या, “खेळतेस छान गं. पण...” ते ‘पण’ मी घरी घेऊन आले आणि बूट माळ्यावर टाकले. त्या दिवशी माझे दान शून्य होते. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, आज सांगतेय. लाल वही बघायला सर तिथे नव्हते.

तर, बारकी. रविवारी दुपारी तिला घेऊन बसले. फोटो तिने पाहिलाच होता. तिचा प्रश्न : “मावशी, तो डंक मारायचा का?” म्हणजे उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबायचा का. म्हटलं, नाही. “थ्री?” म्हटलं, लांबून फारसं जमायचं नाही त्याला. “मग?” तिचा चेहरा पडला. तिच्या भिंतीवर शिरीन लिमयेचा फोटो आहे. आपल्या पुण्याची, भारताची कर्णधार राहिलेली. माझ्या या बुटक्याला तिथे जागा मिळेल असं मला तरी वाटत नाही.

मग मी तिला जुने व्हिडिओ लावून दिले, आवाज बंद करून. ती म्हणाली, आवाज का नाही? म्हटलं, असाच बघायचा असतो. पाच-सात मिनिटं काही बोलली नाही. मग पुढे सरकली. “हा बॉलकडे बघतच नाहीये.” मग म्हणाली, “परत लाव.” संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये डाव्या हाताने, गुडघ्याखाली, धप्-धप्-धप्. तळमजल्यावरच्या आजोबांची तक्रार सोमवारीच आली. सोसायटीच्या ग्रुपवर, हात जोडून.

काल तिची मॅच होती. आई, म्हणजे तिची आजी, हट्टाने आली. छत्री, पाण्याची बाटली आणि पोळीचा लाडू घेऊन. बारकीला तिसऱ्या क्वार्टरमध्ये उतरवलं, चार मिनिटं. मी पर्समधल्या बिलाच्या मागे रेघा ओढत होते. आईला यातलं काही कळत नाही, तिचा हिशेब फक्त जाळीशी. दोन मिनिटांनी तिने मला कोपराने ढोसलं.

“अगं, ही पोर सगळ्यांना वाटतच सुटलीय. स्वतः का नाही टाकत?”

“टाकेल गं.”

“आणि तू काय लिहितेयस?”

“दान.”

“कोणाला दिलंस? किती?” आई घाबरून म्हणाली.

“एक,” मी म्हटलं. मैदानावर बारकीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि तेवढ्यात तिच्या हातून बॉल गेला. मी दुसरी रेघ ओढली.