तुम्ही विचारलंत म्हणून: दिंडी का सोडली

"माळ गळ्यात आहे, वारी चुकत नाही, मग दिंडीत का दिसत नाही?" दर आषाढात कोणीतरी विचारतंच. गुडघ्याचं कारण सांगून झालं, पेरणीचं सांगून झालं. सरकारी अनुदानामुळे म्हणाल, तर २०२४ मध्ये दिंडीला वीस हजार जाहीर झाले तेव्हा मला बाहेर पडून बरीच वर्षं झाली होती.

मी वीणेकरी होतो, दिंडीची वीणा गळ्यात घेऊन चालणारा. निवडणुकीचं वर्ष. फलटण सोडून बरडच्या वाटेवर, दुपारच्या जेवणाला साहेब तंबूत आले. आमच्या अंगावरचे रेनकोट त्यांनीच दिलेले, पाठीवर त्यांचा फोटो. दिंडीचालक म्हणाले, "माऊली, द्या की जरा वीणा त्यांच्या गळ्यात." मी दिली. कोणी जबरदस्ती केली नव्हती, हेही लिहून ठेवतो. पट्टा जाकिटाच्या बटणात अडकला, तो पीएनं सोडवला. वीणा देताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं असतं. सवयीनं मी वाकलो. कपाळ बुटाला लागलं. तंबूत बूट! वर पाहिलं तर साहेब कॅमेऱ्याकडे बघत होते. मग रांगच लागली, कारण वीणा ज्याच्या गळ्यात त्याला वाकायचं, एवढंच आमच्या म्हाताऱ्यांना ठाऊक.

परतलो तर गावच्या स्टँडवर फ्लेक्स. त्यात साहेबांचा चेहरा दोनदा, एकदा समोर आणि एकदा माझ्या वाकलेल्या पाठीवर. माझा एकदाही नाही.

पण मला सलतं ते वेगळंच. त्याच संध्याकाळी बरडला समाजआरती, म्हणजे मुक्कामी सगळ्या दिंड्या जमून होते ती. वीणा दुसऱ्याला देऊन मी टाळ घेऊन उभा होतो. पालखीची शिस्त राखणाऱ्या चोपदारांचा दंड वर गेला की सगळा तळ गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल तिनं टाळ वाजवत राहायचं. मी टाळ छातीशी दाबून धरले. वाजवले असते तर चोपदारांनी येऊन विचारलं असतं, आणि सांगणार काय? वीणा मीच दिली होती.

पूर्वी मी छातीठोक सांगायचो, धर्मात राजकारण नको. मुलगा विचारतो, मग आषाढीची महापूजा मुख्यमंत्री करतात त्याचं काय? पालखीसोबत अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे कसे चालतात? ज्ञानेश्वर माऊलींचा पालखी सोहळा सुरू करणारे हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते ना? मी म्हणतो, शितोळे घोडा देतात, पण माऊलींच्या घोड्यावर कोणी बसत नाही. उत्तर मला आवडतं, पण पुरत नाही. १९४७ साली साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा कुठे दलितांना विठ्ठलाचं दार उघडलं. देवळातल्या बडव्यांचे, म्हणजे पिढीजात पुजाऱ्यांचे, हक्क गेले तेही कायद्यानं आणि कोर्टानं, आमच्या कीर्तनांनी नव्हे. दाराबाहेर ठेवलेल्या चोखोबांचे अभंग गात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्याच दारातून आत जात होतो.

मग साहेबांवर राग कशाचा? बुटाचा की माझ्या सवयीचा? वर्षावर्षाला उत्तर बदलतं.

आता मोकळ्या समाजात, कुठल्याच दिंडीत नसलेल्यांबरोबर चालतो. रेनकोट अजून तोच आहे, चांगला टिकलाय. उलटा घालतो. पाऊस लागला की आतला फोटो पाठीला चिकटतो.