अर्जदाराच्या गाडीत मी का बसत नाही

"मॅडम, गाडी पाठवतो, एवढ्या उन्हात दुचाकीवर कशाला येताय?" शेतजमिनीच्या मोजणीच्या आदल्या संध्याकाळी अर्जदाराचा, म्हणजे मोजणी मागणाऱ्याचा, हा फोन ठरलेला. मी नको म्हणते. मग दुसऱ्या दिवशी बांधावर तोच माणूस जरा दुखावल्या आवाजात विचारतो, "आमच्या गाडीत बसलं तर काय बिघडतं हो?" पाहुणे विचारतात, खात्यात नव्याने लागलेली मुलंमुलीही विचारतात. म्हणून आज सविस्तर सांगते.

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक, म्हणजे जमीन मोजून हद्द दाखवणारी, म्हणून मला 22 वर्षं झाली. अर्जदाराच्या गाडीतून जाणं म्हणजे लाच नव्हे, हे आधीच सांगते. महाराष्ट्र नागरी सेवेचे 1979 चे वर्तणूक नियम आहेत, त्यातही प्रसंगाने झालेलं जेवण किंवा कुणी गाडीतून सोडणं याला भेटवस्तू धरलेलं नाही. मीही सुरुवातीला बसायचे. तेव्हा फलक यंत्र होतं, तिपाईवरच्या फळीवर कागद लावून शेतातच नकाशा काढायचा. तो फलक, तिपाई, साखळी, नकाशांची गुंडाळी घेऊन एसटीने आडगावात पोचायचं म्हणजे अर्धा दिवस जायचा. अर्जदार जीप आणायचा, त्याच्याच घरी पोहे व्हायचे, दुपारी त्याच्याच ओसरीवर जेवण. गावोगाव हीच रीत होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका गावात हद्द कायम मोजणी होती, म्हणजे शेताची हद्द ठरवून तिथे दगड लावायचे. अर्जदार बागायतदार. लगतधारक, म्हणजे शेजारच्या शेताची मालक, एक आजी, नवरा वारलेला, मुलगा मुंबईला. सकाळपासून त्या बांधावरच्या बाभळीखाली बसून होत्या. मी काम चोख केलं. जुनं टिपण, म्हणजे पूर्वीच्या मोजणीची नोंद, काढलं, दोन्हीकडची वहिवाट मोजली, विहिरीचा कोपरा आणि ओढ्याकडचा जुना दगड धरून हद्द दाखवली. एका टोकाला अर्जदाराची जमीन आजींकडे निघाली होती, दुसऱ्या टोकाला अर्जदाराचं अतिक्रमण आजींच्या जमिनीत. एकूण हिशोबात आजींचाच थोडा फायदा होता. मी जबाबाचा कागद घेऊन त्यांच्यापाशी गेले. त्यांनी अंगठा द्यायला हात पुढे केलाच नाही.

"बाई, तुमची रेघ खरी आसंल," त्या म्हणाल्या, "पर तुम्ही कुणाच्या जीपमधनं उतरला ते म्या बघितलंय."

मी समजावायला गेले की आजी, उलट तुम्हालाच जमीन मिळतेय. त्यांनी मान फिरवली. आठ दिवसांत दोन दगड उपटलेले सापडले. पुढे आजींनी निमताना मोजणीचा अर्ज केला, म्हणजे माझ्या मोजणीवर वरच्या अधिकाऱ्याची फेरमोजणी. फी भरायला दोन शेळ्या विकल्या, हे मला नंतर कोतवालाने सांगितलं. निमतानदार आले, रेघ तीच निघाली. त्यात दीड वर्ष गेलं. माझं माप बिनचूक होतं आणि तरीही आजींच्या दोन शेळ्या गेल्या. त्या शेळ्यांना मी जबाबदार आहे असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

मोजणीची फी एक जण भरतो, पण हद्द दोघांची असते, ही गोष्ट मी त्या बाभळीखाली शिकले. अर्जदार मला "आमच्या मोजणीवाल्या बाई" म्हणतो आणि शेजारी ते ऐकत असतो. त्यात दगड, चुना, मजूर हे सगळं रीतीप्रमाणे अर्जदारानेच आणायचं असतं. म्हणजे पारडं आधीच एका बाजूला कललेलं. त्यात मी गाडीतून उतरून आणखी भर कशाला घालू?

"पण आता तर रोव्हर आलाय, उपग्रहावरून माप येतं, त्यात माणसाचा काय संबंध?" असंही विचारतात. संबंध आहे, आणि तिथेच खरी मेख आहे. रोव्हर मला आज उभ्या असलेल्या बांधाची जागा सेंटिमीटरमध्ये सांगतो. तो बांध मुळात कुठे असायला हवा होता हे त्याला ठाऊक नसतं. ते जुन्या टिपणात असतं, आणि ते टिपण साखळीने मोजलेलं, 33 फुटांच्या, 16 आण्यांच्या, म्हणजे 16 भागांच्या साखळीने. जुना नकाशा आजच्या मोजणीवर बसवायचा तर कुठला तरी जुना बिंदू पक्का धरावा लागतो. ओढ्याकाठचा दगड धरायचा की तिठ्यावरचा? विहीर धरली तर रेघ एकीकडे झुकते, मंदिराचा कोपरा धरला तर दुसरीकडे. बहुतेक वेळा चार बिंदू एकमेकांना दुजोरा देतात आणि प्रश्न मिटतो. जिथे देत नाहीत तिथे भूकरमापकाला निवड करावी लागते, आणि ती निवड त्याच्या डोक्यात होते, यंत्रात नाही. कागदावर तर 1:1000 मापाच्या नकाशात अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलची रेघ जमिनीवर अर्धा मीटर जागा खाते.

अर्धा मीटर म्हणजे फार नाही असं वाटेल. गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. 363 फूट लांबीच्या बांधावर रेघ 3 फूट सरकली की बरोबर एक गुंठा इकडचा तिकडे होतो. शेजारून मोठा रस्ता जात असेल तर त्या एका गुंठ्यासाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात.

आता अशा निवडीच्या वेळी माझ्या पोटात अर्जदाराच्या घरची पुरणपोळी असेल तर? मी मुद्दाम काही चुकीचं करणार नाही, याची मला खात्री आहे. पण दोन दगडांपैकी कुठला "जास्त बरोबर वाटतो", त्या वाटण्यात पुरणपोळी शिरत नाही याची खात्री मी देऊ शकत नाही. स्वतःबद्दल एवढा भरवसा कुणी बाळगू नये.

हे दुखणं जुनं आहे. माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची 1836 च्या सुमाराची जमीन पाहणी तिथूनच सुरू झाली, आणि आपली सर्व्हे नंबरांची पद्धत त्याच परंपरेतली. ती पाहणी नव्याने करावी लागली, कारण त्याआधी प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने केलेल्या पाहणीतली मापं चुकीची निघाली होती आणि हाताखालच्या लोकांनी पैसे खाऊन नोंदी फिरवल्याच्या तक्रारी होत्या. शेतसाऱ्याच्या आकारणीचा बोजा कुणब्यांवर पडला, शेतं ओस पडली.

म्हणून मी काही गोष्टी ठरवून टाकल्या. दोन्ही बाजूंना चावडीपाशी बोलावते आणि तिथून सगळे मिळून चालत शेतावर जातो. ओढ्यापलीकडे गाडीशिवाय जाता येणार नसेल तर त्याच गाडीत शेजाऱ्यालाही बसवते, आणि तो बसला नाही तर थांबते. डबा घरचा. चहा द्यायचाच असेल तर सगळ्यांना, बांधावर, शेजाऱ्यासह. बाईमाणसाची आणखी एक अडचण असते. दिवसभर उघड्या रानात असताना कुणाच्या तरी घरी जावंच लागतं. मी शाळेत जाते, नाहीतर ज्याचा या वादाशी संबंध नाही अशा घरी. एकदा त्यासाठी दीड किलोमीटर चालत गेले. नव्या मुलींना मी हे पहिल्याच दिवशी सांगते, कारण नियमांच्या पुस्तकात ते कुणी लिहिलेलं नाही.

ज्या तालुक्यात नेमणूक आहे तिथे प्लॉट घेत नाही. आणि नात्यातल्या मोजणीचं काम टेबलावर आलं की त्याच दिवशी साहेबांना लेखी देते, हे दुसऱ्याकडे द्या. तोंडी सांगून भागत नाही, लेखीच द्यावं. कागदावर आलं की पुढे कुणी "बाईंनीच फिरवलं" म्हणू शकत नाही.

हे सगळ्यात जड गेलं ते थोरल्या भावाच्या वेळी. माझी बदली माहेरच्या तालुक्यात झालेली, आणि त्याच्या बांधावरून शेजारच्या नानांशी दहा वर्षं धुसफूस चाललेली. त्याला वाटलं, आता बहीणच आली. मी लेखी दिलं, काम दुसऱ्या सहकाऱ्याकडे गेलं. त्या दिवशी मी गावात गेलेसुद्धा नाही. रेघ दीड फूट दादाच्या बाजूला आली, म्हणजे तेवढं रान त्याला सोडावं लागलं. त्या दिवाळीत त्याने भाऊबीजेला ओवाळून घेतलं, पण बोलला नाही.

मागच्या वर्षी मी गेले तेव्हा दगड जागेवर होते. नानांनी त्यांच्या बाजूने तूर पेरली होती, दादाने आपल्या बाजूने कांदा लावला होता. बांधावर उभं राहून दादाने विचारलं, "तू स्वतः आली असतीस तर?" मी म्हटलं, "तरी दगड इथंच बसला असता, दादा. फक्त नानांनी तो आठ दिवसांत उपटला असता." तो काही बोलला नाही. खाली वाकून दगडापाशी वाढलेलं गवत उपटायला लागला.